नाशिकची लेखणी आणि मुंबईचा दंतवैद्य

दांत काढणें हा आपल्याकडे फार दिवस प्रतिष्ठेचा धंदा नव्हता. गांवच्या बाजारांत वैदू बसे. शहरांत पदपथावर चिमटे आणि काढलेल्या दांतांची रास मांडून एखादा स्वयंघोषित डॉक्टर बसे. दाढ ठणकूं लागली म्हणजे माणूस आधीं लवंग धरून पाही, आणि मग नाइलाजानें अशा कोणापुढें तोंड उघडी. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास दंतवैद्यकाचें महाविद्यालय काढलें, मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें, आणि १९४८ च्या कायद्यानें या व्यवसायाला नोंदणीची शिस्त लागली. त्यामुळें स्वातंत्र्याच्या सुमारास पदवी घेऊन पांढरा डगला चढविणारा दंतवैद्य ही मध्यमवर्गाला एक नवी, अभिमानाची आणि विशेषतः उपवर मुलींच्या पित्यांना फार पसंत पडणारी गोष्ट झाली होती. अशाच एका दंतवैद्याचें नांव पुढें महाराष्ट्रांत घरोघर झालें. मात्र तें दांतांमुळें नव्हे.

काशिनाथ घाणेकर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९३० रोजीं कोंकणांत चिपळुणास झाला. मुंबईंत त्यांनीं दंतवैद्यकाचें शिक्षण घेतलें आणि तेथेंच व्यवसाय मांडला. नाटकाचें वेड कोंकणी माणसाला निराळें लावावें लागत नाहीं. दशावतार आणि गणपतींतील नाटकें यांवर तो वाढतो. परंतु वेड निराळें आणि धंदा निराळा. संगीत नाटकाच्या मोठ्या मंडळ्या बोलपटाच्या तडाख्यानें मोडल्या होत्या, आणि थोर नटांचे अखेरचे दिवस कसे गेले तें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. चालता दवाखाना सोडून रंगभूमीवर जाणें म्हणजे बांधलें घर मोडून धर्मशाळेंत राहावयास जाणें, असेंच कोणाहि शहाण्या गृहस्थानें त्या वेळीं म्हटलें असतें.

नट मुंबईचा खरा, पण ज्या भूमिकेनें तो नट झाला ती जन्मली गोदाकांठीं. नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयांत वसंत कानेटकर हे प्राध्यापक होते. रविकिरण मंडळांतील कवि गिरीश यांचे ते चिरंजीव. 'वेड्याचं घर उन्हात' हें त्यांचें पहिलें नाटक १९५७ सालीं पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननें केलें. जाणत्यांनीं तें वाखाणलें. त्यानंतर हा नाटककार इतिहासाकडे वळला, आणि वळला तो संभाजीकडे.

मराठी नाटकांतील संभाजी तोंवर बहुधा मद्य आणि विलास यांच्या आहारीं गेलेला राजपुत्र असे. बखरकारांनीं रंगविलेलें तें चित्र नाटककारांना सोयीचें पडलें होतें. गडकऱ्यांचें 'राजसंन्यास' १९१९ सालीं त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें, परंतु त्याच्या अपुऱ्या प्रवेशांनींहि हें चित्र लोकांच्या मनांत पक्कें केलें. पुढें १९६० सालीं वा. सी. बेंद्रे यांनीं अस्सल कागदपत्रांच्या आधारें लिहिलेलें संभाजी महाराजांचें चरित्र प्रसिद्ध झालें, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना आपलें मत तपासून पाहावें लागलें. मत बदलणें अभ्यासकांना सोपें, प्रेक्षकांना कठीण. त्यांना डोळ्यांपुढें माणूस उभा राहावा लागतो.

'रायगडाला जेव्हा जाग येते' हें कानेटकरांचें नाटक धि गोवा हिंदु असोसिएशननें १९६२ सालीं रंगभूमीवर आणलें. दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचें, आणि शिवाजी महाराजांची भूमिकाहि त्यांचीच. नाटकांत लढाया नाहींत. विषय आहे तो महाराजांच्या अखेरच्या दिवसांतील गृहकलह. डिसेंबर १६७८ मध्यें संभाजीराजे दिलेरखानास जाऊन मिळाले होते, वर्षभरानें परत आले होते. बाप क्षमा करूं पाहतो आणि राज्याची चिंता त्याला क्षमा करूं देत नाहीं. सोयराबाईंना आपल्या राजारामाची काळजी. ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज गेले तेव्हां थोरला पुत्र पन्हाळ्यावर होता. एवढ्या सामग्रीवर नाशिकच्या या प्राध्यापकानें, ज्या घरांत बाप आणि मुलगा एकमेकांशीं मोकळेपणानें बोलत नाहींत अशा कोणत्याहि घराला आपलें वाटावें असें नाटक रचलें. त्यांतील संभाजी उतावळा, मानी, प्रेमाचा भुकेला आहे. अपराधी आहे आणि तें जाणणारा आहे.

ही भूमिका मिळाली दंतवैद्य घाणेकरांस. गोरा वर्ण, पाणीदार डोळे आणि चपळ शरीर ही देणगी त्यांना होतीच. पण खरी गोष्ट अशी कीं, या संभाजीला अभ्यासानें घोटलेल्या वाणीपेक्षां आंतून उसळणारा वेग हवा होता, आणि तो त्यांच्यापाशीं होता. रंगमंचावर ते येत नसत, झेंप घेत. वडिलांपुढें उभा राहिलेला तो संभाजी पाहून प्रेक्षकांची सहानुभूति एका रात्रींत पालटे. बेंद्र्यांच्या ग्रंथाला जेथें पोंचतां आलें नसतें तेथें हा नट पोंचला, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

मग दोन धंद्यांची ओढाताण सुरू झाली. रुग्णाला नेमलेली वेळ पाळणारा डॉक्टर हवा असतो. नाटक रात्रीं चालतें, आणि दौऱ्याचें वाहन पहांटे कोठें असेल याचा नेम नाहीं. घाणेकरांनीं कौल रंगभूमीला दिला. मात्र नांवामागची 'डॉक्टर' ही पदवी शेवटपर्यंत राहिली. नाटकांच्या जाहिरातींत इतर नटांचीं नांवें संपल्यावर निराळ्या ओळींत 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' असें छापलें जाई. त्या 'आणि' या शब्दासाठीं तिकिटें विकलीं जात.

कानेटकरांच्याच 'अश्रूंची झाली फुले' या नाटकांतील लाल्यानें या लोकप्रियतेचा कळस केला. नाट्यसंपदेच्या या नाटकाचा नायक वास्तविक सचोटीचा प्राचार्य विद्यानंद. ती भूमिका प्रभाकर पणशीकरांची. लाल्या हा महाविद्यालयांतील उनाड विद्यार्थी, पुढें पोलीस अधिकारी होणारा. पण लाल्या आला कीं शिट्या आणि टाळ्या यांनीं नाट्यगृह दणाणे. मराठी सुशिक्षित प्रेक्षक नटासाठीं शिट्या वाजवूं लागला तो तेव्हांपासून. हें रंगभूमीच्या हिताचें झालें असें मात्र म्हणवत नाहीं. कारण लोक नाटक पाहावयास न येतां लाल्या पाहावयास येऊं लागले, आणि टाळीची चटक लागलेल्या नटाला पुढचें वाक्य थांबवून ठेवण्याचा मोह आवरत नाहीं. याच नाटकावर १९६९ सालीं हिंदींत 'आंसू बन गये फूल' हा चित्रपट निघाला. स्वतः घाणेकर चित्रपटांतहि चमकले. 'पाठलाग' १९६४ चा, ज्यावरून हिंदींत 'मेरा साया' झाला. 'मधुचंद्र' १९६७ चा. तथापि पडद्यावर त्यांना प्रेक्षकांचा श्वास ऐकूं येत नसे, आणि त्यावांचून त्यांचा वेग अर्धा होई.

तेवढ्यांत दुसरा एक डॉक्टर रंगभूमीवर आला. श्रीराम लागू हे कान, नाक, घसा यांचे शल्यवैद्य; पुण्यांत आणि आफ्रिकेंत टांझानियांत व्यवसाय केलेले. त्यांनीं १९६९ सालीं वैद्यकी सोडली आणि कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकानें व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवलें. पुढच्याच वर्षीं ते 'नटसम्राट' मधील अप्पासाहेब बेलवलकर झाले. तें नाटक वि. वा. शिरवाडकरांचें, म्हणजे तेंहि नाशिकचेंच. नाशिकच्या दोन लेखकांनीं दोन डॉक्टरांना दवाखान्यांतून बाहेर काढलें, असें विनोदानें म्हणतां येईल. पण दोघांची जात निराळी होती. लागू भूमिकेची चिकित्सा करीत, एक एक धागा तपासून घेत. घाणेकर भूमिकेंत उडी टाकीत. सत्तरीनंतर जाणत्या प्रेक्षकांची रुचि पहिल्या मार्गाकडे झुकली, आणि उडी टाकणाऱ्याचें वय वाढत चाललें होतें.

गोपाळराव जोशी, गारंबीचा बापू अशा निरनिराळ्या भूमिका त्यांनीं केल्या, पण लोकांना लाल्या हवा असे. मद्यपानाचा दोष होता. पत्नी कांचन घाणेकर यांनीं 'नाथ हा माझा' या आत्मकथनांत तो झांकून ठेवलेला नाहीं. परतीची वाट मात्र त्यांनीं धरली नाहीं. खुर्ची, चिमटा आणि नेमलेल्या वेळा यांकडे फिरून जाणें त्यांना सहज शक्य होतें. तें न करतां वयाच्या पंचावन्नाव्या वर्षींहि ते दौऱ्यावरच होते. २ मार्च १९८६ रोजीं विदर्भांत, अमरावती येथें, नाटकाच्या दौऱ्यावर असतांनाच त्यांना मृत्यूनें गांठलें.

कानेटकर त्यानंतर चौदा वर्षें जगले. ३१ जानेवारी २००० रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें. ठाण्याच्या एका नाट्यगृहाला घाणेकरांचें नांव देण्यांत आलें, आणि २०१८ सालीं त्यांच्या चरित्रावर चित्रपट निघाला. जाहिरातींतील ती जुनी ओळच त्याचें नांव झाली : 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'.