एका नाण्यावर दोन राजे

आता शिवराई घ्या. ‘छत्रपति’ अर्धंच उमटलेलं असतं. ठसा मोठा, चकती लहान, म्हणून. ते नुकसान नव्हे. कोल्हापूरची सातवाहनकालीन शिशाची नाणी याहून अवघड. धनुष्यबाणाभोवतीच्या अक्षरांखाली दुसरीच अक्षरं दिसतात. कुणी ‘बिघडलेलं’ म्हणतं, कुणी ‘टांकसाळीची चूक’ म्हणून चढा भाव सांगतं. आपण एवढंच पाहतो: वरचा ठसा खालच्याला दाबतो, की ओरखडा दोन्हींना कापतो? कापत असेल तर ती नंतरची इजा. इथे दाबलंय, तेही मुद्दाम. माढरीपुत्र शिवलकुराच्या नाण्यावर गौतमीपुत्र विळिवायकुराचा ठसा. म्हणजे गौतमीपुत्र नंतरचा. या राजांचा क्रम अभ्यासकांनी अशाच नाण्यांवरून लावला. आणि हौशी मंडळी ती घासून चकचकीत करतात, अहो! खालचा राजा आधी पुसला जातो.