शिरगावचा दगड आणि चीनची भट्टी

चीनचे नाव निघाले म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात ह्युएन-त्संगाचा प्रवास तरी उभा राहतो, नाहीतर अलीकडच्या काळातील कारखाने आणि गगनचुंबी इमारती तरी. डिचोली तालुक्याचा त्या देशाशी संबंध आला तो मात्र ना ग्रंथांच्या वाटेने, ना धर्माच्या. तो दगडाच्या वाटेने आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरगाव, मये, मुळगाव, पिळगाव या गावांच्या अंगाखांद्यावरील डोंगर फुटले, त्यांची तांबडी माती ट्रकांतून नदीकाठी आली, बार्जांतून मांडवीने खाली मुरगावास गेली आणि तेथून बहुतांशी चीनच्या पोलादभट्ट्यांत जाऊन पडली. एका प्राचीन समाजाने आपली नवी नगरे उभारताना दुसऱ्या एका जुन्या समाजाच्या देवभूमीचा दगड वापरला. या व्यवहारात दोन्ही बाजूंच्या परंपरांचे काय झाले, याचा विचार आम्हांस इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे.

डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल नव्या काबिजादींतले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळांवर जो प्रसंग ओढवला, तो येथवर पोहोचला नाही. उलट तिकडून निघालेल्या देवांना या बाजूने आसरा दिला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीच्या काठावर आला, त्या नव्या स्थानासही नार्वे हेच नाव मिळाले, आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देऊळ बांधले गेले, ही कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे तर १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने. तोवर पोर्तुगीज सत्तेचा पूर्वीचा धर्मवेडा आवेश ओसरला होता. नव्या प्रजेचे देव, रीतिरिवाज आणि गावव्यवस्था यांना हात लावावयाचा नाही, असे धोरण तिला पत्करावे लागले. नव्या काबिजादींतील लोकांच्या चालीरीतींची संहिता १८५३ मध्ये झाली, गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींविषयीचा हुकूमनामा १८८० मध्ये निघाला आणि देवस्थानांच्या महाजनांचा कायदा १८८६ मध्ये आला. परकी सरकारने रीतीला कागदावर आणले हे खरे. पण कागदावर आल्यामुळे ती गोठलीही, आणि टिकलीही. महाजन कोण, पालखीस खांदा कोणाचा, कौल कोणी लावावा, दिवा कोणी लावावा, हे ज्या त्या घराण्याचे हक्क राहिले. तंटे झाले ते मानपानाचे झाले. देवच नाहीसा झाला, असे घडले नाही.

आता चीनकडे पाहा. तेथेही गावाचा कणा म्हणजे कुलपुरुषांचे स्मृतिमंदिर आणि ग्रामदेवतेचे देऊळ. दक्षिणेकडील फूच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांत एकेका आडनावाचे संबंध गाव असे, त्याची वंशावळीची पोथी असे, आणि देवकार्याचा खर्च भागविण्यासाठी कुळाच्या नावाने राखलेली शेती असे. आपल्या गावकरीहून ही व्यवस्था फार निराळी नव्हती. १९४९ नंतर ती शेती सरकारने वाटून टाकली. आणि १९६६ पासून दहा वर्षे जी सांस्कृतिक क्रांती चालली, तिच्यात मूर्ती फोडल्या गेल्या, पोथ्या जाळल्या गेल्या आणि पुष्कळ देवळांची कोठारे झाली. फूच्येनच्या किनाऱ्यावरील मेइचौ बेटावर दर्यावर्दींची देवी मात्सू हिचे मूळ पीठ आहे. तेही त्या वावटळीत उद्ध्वस्त झाले. परंतु १९७८ च्या अखेरीस आर्थिक धोरण पालटले, गावांच्या हाती पैसा खेळू लागला आणि त्या पैशाने प्रथम काय केले? घरे बांधली, आणि पाठोपाठ देवळे बांधली. समुद्रापार गेलेल्या भाऊबंदांनी वर्गणी धाडली. मेइचौचे पीठ पुन्हा उभे राहिले, आणि २००९ मध्ये मात्सूची उपासना युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००८ मध्ये, चीन सरकारने पितरांच्या स्मरणाचा छिंगमिंग, नौकांच्या शर्यतींचा सण आणि शरदातील पौर्णिमा यांना सार्वजनिक सुट्ट्या दिल्या. ज्या राज्याने एके काळी या गोष्टींना अंधश्रद्धा म्हणून झोडपले, त्यानेच त्यांना पंचांगात जागा दिली. यात राजकारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. तुटलेला दोर गाठ मारून जोडला की गाठ दिसतेच.

आणखी एक गोष्ट गोमंतकीय वाचकास विशेष ओळखीची वाटेल. क्वांगतुंगमधील नानहाय या भागात १९९२ पासून गावकऱ्यांनी आपल्या सामायिक जमिनी एकत्र करून त्यांवर कारखाने उभे करू दिले आणि मिळणाऱ्या भाड्याचा वाटा दरसाल घरोघरी भाग म्हणून वाटून घेण्याची रीत पाडली. आपल्याकडे गावकरीच्या उत्पन्नातून गावकाराला मिळणारा वार्षिक झण याहून फारसा वेगळा नव्हता. शेतीचा गाव कारखान्यांचा झाला तरी जमिनीचे धनीपण सामायिक ठेवावयाचे, ही युक्ती तेथे नवी म्हणून योजली गेली. आपल्याकडे ती युक्ती जुनी होती. पण डिचोलीच्या डोंगरांवर ती लागू झाली नाही.

का झाली नाही, त्याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या हुकूमनाम्याखाली खनिजाचे परवाने व्यक्तींना आणि पेढ्यांना मिळू लागले. वरची माती गावाची, मंदिराची अथवा कुळाची असली, तरी पोटातला दगड सरकारचा, आणि सरकारकडून परवानेवाल्याचा. १९४७ च्या सुमारास निर्यातीस किरकोळ आरंभ झाला. युद्धात होरपळलेल्या जपानला आपल्या भट्ट्या पुन्हा पेटवावयाच्या होत्या. १९५१ मध्ये शिरगावच्या खाणीत यंत्रे आणण्यासाठी जपानी कंपनीशी करार झाला, आणि कुदळ-टोपलीच्या जागी फावडायंत्रे आली. मुक्तीनंतर भारत सरकारने त्या परवान्यांचे १९८७ च्या कायद्याने पट्ट्यांत रूपांतर केले. हे सर्व होत असताना गावाच्या वाट्यास आले ते ट्रकांचे भाडे, मजुरी, दुकाने आणि देणग्या. हे कमी होते असे नाही. डिचोलीतील कित्येक कुटुंबांची मुले या पैशावर शिकली, कित्येक देवळांचे जीर्णोद्धार या पैशावर झाले. जीर्णोद्धारात जुन्या भिंतींवरील कावीची चित्रे आणि लाकडी खांब गेले व त्या जागी संगमरवर आला, याचे आम्हांस दुःख आहे. पण ज्यांनी ते केले त्यांनी भक्तीनेच केले.

खरी उलथापालथ चीनमुळे झाली. १९९६ मध्ये तो देश जगातील सर्वांत मोठा पोलाद-उत्पादक झाला, आणि पुढील दहा-बारा वर्षांत जगातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पोलाद एकट्या तेथे होऊ लागले. जपानी गिऱ्हाईक चोखंदळ होते. हलक्या प्रतीचा माल ते घेत नसे, म्हणून तो खाणीशेजारी डंप करून ठेवला जाई. चिनी भट्ट्यांनी तोही मागितला. आजोबांनी टाकून दिलेल्या मातीला नातवाच्या डोळ्यांदेखत सोन्याचा भाव आला. २०१०-११ साली गोव्याची खनिज-निर्यात पाच कोटी टनांपलीकडे गेली. एवढा माल उपसावयाचा तर डोंगराची टोपी काढून भागत नाही. खाली, भूजलाच्या पातळीखाली जावे लागते.

येथे थोडे भूगर्भाविषयी बोलणे अवश्य आहे, कारण धर्माचा प्रश्न शेवटी तेथेच अडतो. आपल्या डोंगरमाथ्यावरील जांभा दगड पावसाळ्यात पाणी पितो. त्याखालचे भुसभुशीत खनिज ते पाणी साठवून धरते आणि पायथ्याशी झऱ्यांतून, तळ्यांतून, विहिरींतून वर्षभर सोडत राहते. म्हणजे ज्याला व्यापारी माल म्हणतात, तेच गावाचे पाण्याचे कोठार होय. खंदक कोरडा राखण्यासाठी पंप लावून पाणी उपसले की आसपासच्या विहिरींचे पाणी त्या खंदकाकडे धावते. शिरगावात नेमके हेच झाले: विहिरी आटल्या, शेते पडीक राहिली, आणि गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले.

शिरगाव म्हणजे श्री लईराईचे गाव. वैशाख शुद्ध पंचमीस तेथे जत्रा भरते. धोंड हातात वेताची काठी घेऊन येतात, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा घालतात. आधीचे दिवस व्रतस्थ राहावे, सोवळ्याने अन्न शिजवावे, तळीत स्नान करावे आणि मध्यरात्रीनंतर होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालून जावे, असा नेम आहे. या व्रतात अग्नी जितका मुख्य, तितकेच पाणीही. हजारो धोंडांचे स्नान, स्वयंपाक, शुचिर्भूतता हे सर्व वैशाखाच्या ऐन उन्हात जिवंत पाण्यावर चालते. ते पाणी डोंगराने दिलेले असे. खाणींच्या काळातही जत्रा चुकली नाही, होमखण चुकले नाही, एकाही घराण्याचा मान बुडाला नाही. विधी जसाच्या तसा राहिला. ज्या भूमीवर तो उभा होता ती मात्र विकली जात होती. चीनमध्ये देऊळ पडले आणि पुन्हा बांधता आले. डोंगराचे तसे नाही.

आमच्या देवस्थानांत एक जुना संकेत आहे, आणि खजिनदारीचे काम केलेल्या प्रत्येक महाजनास तो ठाऊक असतो. देवाच्या नावाने ठेवलेली ठेव मोडावयाची नाही, तिच्या व्याजातून वार्षिक कार्य करावयाचे. ठेव मोडून उत्सव थाटाने केला तर त्या वर्षी वाहवा होते, पुढच्या वर्षी देवापुढे दिव्यास तेल नसते. डोंगर ही गावाची ठेव होती. तिला आम्ही उत्पन्न समजलो. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम थांबविले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला, आणि दारोदारी ट्रक गंजू लागले, तेव्हा हा हिशेब घरोघर कळला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरविले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिज-विक्रीच्या दहा टक्के रकमेचा एक कायम निधी भावी पिढ्यांसाठी राखावा असे सांगितले. न्यायमूर्तींनी आमच्या मंदिरांच्या वह्या पाहिल्या नसतील. पण निधी राखण्याची कल्पना त्याच जातीची आहे. नूतनीकरण झालेले ८८ पट्टे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी पुन्हा रद्द झाले, आणि डिचोलीवर दुसऱ्यांदा मंदी आली.

लईराईच्या बहिणींपैकी केळबाई मुळगावास, महामाया मये येथे, आणि मोरजाई पार पेडण्यात मोरजीस, समुद्रकाठी. या भगिनींच्या नात्यात म्हापशाची मिलाग्रीस सायबीणही धरली जाते, हे गोमंतकाचे वैशिष्ट्य. मोरजाईच्या पेडण्यास दगडाने छळले नाही. तेथे पैसा आला तो किनाऱ्याच्या आणि पठाराच्या वाटेने. मोरजी, मांद्रे, हरमल येथील वाळूला परदेशी प्रवाशांनी भाव आणला. आणि मोपाच्या पठारावर जांभ्याचेच माळरान सपाट करून विमानतळ झाला. धनगरांची घरे हलली, पर्यावरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, अखेर ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याच तालुक्यात कोजागरीस पेडण्याची पुनव भरते. लोककथा सांगते की भूतनाथास स्वतःचे देऊळ नाही. त्या रात्री तो एका रात्रीत बांधलेले देऊळ मागतो, रुसून रानाकडे धाव घेतो, आणि लोक त्याची समजूत घालून, देऊळ बांधू असे आश्वासन देऊन त्यास परत आणतात. पुढच्या पुनवेस पुन्हा तेच. ज्या तालुक्यात आता सर्व काही भराभर बांधले जात आहे, तेथे हे एक न बांधलेले देऊळ दरसाल हजारो माणसांना एकत्र आणते. विद्वानांनी याचा अर्थ काय लावावयाचा तो लावावा; आम्हांस ही गोष्ट फार आवडते.

शिरगावच्या जत्रेला आता गर्दी इतकी होते की जुन्या वाटा तिला पुरत नाहीत. ३ मे २०२५ च्या पहाटे तेथे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. गावच्या मापाने आखलेला उत्सव साऱ्या राज्याचा झाला, हेही बदललेल्या काळाचेच फळ. त्याची व्यवस्था केवळ मानकऱ्यांच्या वहिवाटीवर सोपवून चालणार नाही, हे महाजनांनाही पटले पाहिजे.

दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीतील पट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये त्यांतील पहिली खाण पुन्हा सुरू झाली. त्यानंतर मुळगावच्या ग्रामस्थांनी खाणक्षेत्रातून आपल्या वस्त्या वगळाव्यात अशी मागणी लावून धरली. त्या मागणीत घरे आहेत आणि देवळे आहेत. देवळांच्या जोडीला तळी आहेत आणि शेतेही आहेत.