बुरशीचे माधुर्य

बुरशी धरलेले द्राक्ष आपण टाकून देतो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या दक्षिणेस, सोतेर्न येथील मळेवाले त्याचीच वाट पाहतात. सिरों नदीचे थंड पाणी गारोनच्या कोमट पाण्यास मिळते आणि शरदात पहाटे धुके दाटते. त्या ओलाव्यात ‘बोट्रायटिस’ बुरशी द्राक्षाची साल सच्छिद्र करते; पुढे उन्हात पाणी उडते, गोडी दाट होते. मजूर वारंवार फेऱ्या घालून तयार मणी तेवढेच वेचतात. शातो दिकेमच्या मळ्यात एका वेलीमागे जेमतेम पेलाभर मद्य निघते.

या मद्याबरोबर फ्रेंच लोक बदकाचे पुष्ट यकृत खातात, किंवा रोकफोरचे खारट चीज. त्या चीजमधील निळ्या रेषाही बुरशीच्याच! खारटपणाने गोडी खुलते.

१८५५ च्या प्रतवारीत दिकेमला एकट्यालाच सर्वोच्च पायरी मिळाली. तरीही २०१२ साली द्राक्षे मनाजोगी न उतरल्याने त्याने आपल्या नावाचे गोड मद्य काढलेच नाही. आम्हांस वाटते, कीर्ती त्या प्रतवारीने दिली खरी; पण ती राखली अशा रित्या वर्षांनी.