मिती घटली, तरी प्रवाह आटला नाही

१/८ जानेवारी १९३८. मॉस्कोचे कपित्झा आणि केंब्रिजचे ॲलन व मिसनर यांचे शोधनिबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात झळकले. २.१७ केल्विनखाली द्रव हेलियम जवळजवळ घर्षणाविना वाहतो, असे त्यांत नोंदले होते. ही अतिप्रवाहिता.

२/८ हेलियम-४चे अणू बोसॉन. ते एकाच अवस्थेत गोळा होऊ शकतात. फर्मिऑनांना मात्र ती मुभा नाही. मग त्यांनी एकदिलाने वाहावे कसे? जोड्या जुळवून! १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी धातूतील इलेक्ट्रॉनांसाठी हे उत्तर मांडले.

३/८ १९७२ साली कॉर्नेल विद्यापीठात फर्मिऑन असलेल्या हेलियम-३नेही ते खरे ठरवले. परंतु द्रवातील अणूंमधले आकर्षण हवे तसे बदलता येत नाही. विरळ वायूत चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने ते साधते.

४/८ म्हणून १९९९चे महत्त्व. अमेरिकेतील बोल्डर येथे डेबोरा जिन व ब्रायन डीमार्को यांनी पोटॅशियम-४०चा वायू निरपेक्ष शून्याच्या इतका निकट नेला, की त्याचे फर्मी स्वरूप प्रकट झाले. २००४ साली जिन यांच्याच गटाने अशा अणूंच्या जोड्यांचे संघनन दाखवले.

५/८ पण संघनन म्हणजे प्रवाहाचा पुरावा नव्हे. तो २००५ साली एमआयटीत मिळाला. लेझरने घुसळलेल्या लिथियम-६च्या वायूत भोवऱ्यांची शिस्तबद्ध जाळी उमटली. अतिप्रवाही पदार्थ साध्या पाण्यासारखा फिरत नाही. ठरावीक मापाचे भोवरेच त्याचे फिरणे पेलतात.

६/८ हे झाले त्रिमितीत. पातळ, द्विमितीय थरात काय? १९६६-६७ साली मर्मिन, वॅग्नर व होहेनबर्ग यांनी सिद्ध केले, की तेथे शून्याहून अधिक तापमानाला दूरवरची सुसंगती टिकत नाही. म्हणजे अतिप्रवाहिताही अशक्य?

७/८ नाही! बेरेझिन्स्की, कोस्टरलिट्झ व थाउलेस यांनी १९७०च्या दशकारंभी दाखवले, की उलटसुलट फिरणारे भोवरे जोडीने बांधलेले असतात तोवर प्रवाह अबाधित राहतो. तापमान वाढून जोड्या सुटल्या, की तो मोडतो.

८/८ द्विमितीय फर्मी वायूत याचा थेट पडताळा हॅम्बुर्गच्या गटाने २०२१ साली प्रसिद्ध केला. लिथियम-६च्या थरातून प्रकाशाची जाळी सरकवली. ठरावीक वेगाखाली वायू तापलाच नाही. सुसंगती दूरवर पोहोचत नसतानाही प्रवाह टिकला. जिन २०१६ सालीच, वयाच्या ४७व्या वर्षी निवर्तल्या होत्या. त्यांनी उघडलेली वाट मात्र इथवर आली.