चौकटीतले वर्तुळ

जुन्या मनगटी घड्याळांचा संग्रह करणाऱ्यांत एक लहानसा, हट्टी पंथ आहे. गोल घड्याळ त्याला वर्ज्य. घड्याळ चौरस असावे किंवा लांबट चौकोनी. शक्यतो पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यानचे. रोज चावी देऊन चालणारे आणि आजच्या भल्याथोरल्या घड्याळांशेजारी ठेवले तर खेळण्यातले वाटावे इतके छोटे. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. घड्याळाशी आमचा संबंध तासिकेची घंटा होईपर्यंतचाच. तरीही या पंथाकडे आमचे लक्ष वेधले गेले, त्याला कारण आहे. रूप हे आशयातून आपोआप उगवते की माणूस ते निवडतो, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे वर्गात चघळतो. या घड्याळांच्या इतिहासात तो फार स्वच्छपणे समोर येतो.

घड्याळाचा पिंडच मुळी गोल. आतली चक्रे गोल, गुंडाळलेली स्प्रिंग गोल आणि काट्याने फिरताना आखलेली वाटही गोल. जाकिटाच्या खिशातले साखळीचे घड्याळ शतकानुशतके वर्तुळाकार राहिले ते या यांत्रिक तर्कामुळे. उलट चौकोनी तबकडीच्या चार कोपऱ्यांपर्यंत काटा कधीच पोचत नाही. वेळ सांगण्याच्या कामी ती जागा सर्वस्वी निरुपयोगी असते. संग्राहकाच्या ओढीचा उगम या निरुपयोगी कोपऱ्यांतच आहे, असे आमचे मत आहे. यंत्राला नको असलेली ती जागा कोणा माणसाने हौसेने राखलेली असते.

ही हौस आली कोठून? घड्याळ खिशातून मनगटावर आले तेव्हा. विसाव्या शतकाच्या आरंभी मनगटावर घड्याळ बांधणे हा युरोपात बायकांचा दागिना समजला जाई. ब्राझीलचा वैमानिक अल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ याला विमान हाकताना खिशात हात घालणे अवघड जाई, म्हणून त्याचा पॅरिसमधील मित्र लुई कार्तिए याने १९०४ साली त्याच्यासाठी मनगटी घड्याळ घडवले. ते चौरस होते आणि त्याच्या चौकटीवरचे स्क्रू न लपवता उघडे ठेवले होते. १९११ पासून ते सर्वांसाठी विक्रीस आले. पुढे महायुद्धाच्या खंदकांत सैनिकांनी मनगटावर बांधलेली बरीचशी घड्याळे मात्र गोलच होती. खिशातल्या छोट्या घड्याळाला तारेच्या कड्या डकवून त्यांत पट्टा ओवलेला असे. हे रूप जुनेच होते, केवळ त्याची जागा बदलली होती.

नवे रूप आले ते १९१७ साली. कार्तिएने आखलेल्या या घड्याळाचे नाव ‘टँक’. रेनो कंपनीचा रणगाडा वरून पाहिल्यावर जसा दिसतो त्यावरून ही आकृती सुचली, असे सांगितले जाते. १९१९ साली पहिली सहा घड्याळे विक्रीस ठेवली गेली. दोन्ही बाजूंना दोन सरळ उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये तबकडी, आणि त्या पट्ट्यांचीच टोके पुढे वाढून पट्टा धरतात. घड्याळ कोठे संपते आणि पट्टा कोठे सुरू होतो, हे नजरेला शोधावे लागते. या पट्ट्यांना फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, तोच जखमींना वाहून नेणाऱ्या डोलीसाठीही वापरतात. तबकडीवरचे रोमन आकडे कोपऱ्यांकडे जाताना लांबतात, तिरपे होतात. मिनिटांच्या खुणा रुळांसारख्या दुहेरी रेघेत बसवलेल्या असतात. वृत्ताच्या मापात बसण्यासाठी कवी एखाद्या ऱ्हस्वाचा दीर्घ करतो, तसे हे आकडे चौकटीसाठी आपला आकार वाकवतात. जाणता संग्राहक भिंग लावून आधी हे आकडेच पाहतो.

पुढची पंधरा-वीस वर्षे सरळ रेषेची होती. १९२५ साली पॅरिसला आधुनिक शोभाकलांचे मोठे प्रदर्शन भरले. त्या अभिरुचीला पुढे ‘आर्ट डेको’ हे नाव मिळाले. मरीन ड्राइव्हवरच्या इमारती आणि १९३८ चे इरॉस चित्रपटगृह ज्यांनी डोळे भरून पाहिले आहे, त्यांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. रोलेक्सचे ‘प्रिन्स’ १९२८ चे. लांबट तबकडीच्या खालच्या भागात सेकंदाचे स्वतंत्र मोठे वर्तुळ असल्याने नाडी मोजायला सोयीचे, म्हणून ते डॉक्टरांचे घड्याळ ठरले. ग्रुएन कंपनीने १९३५ साली ‘कर्व्हेक्स’ आणले. मनगटाच्या वळणाप्रमाणे त्याचे कवच वाकवलेले होतेच, शिवाय आतले यंत्रही त्याच वळणाचे होते. संग्राहक घड्याळाचे झाकण उघडायला लावतो ते यासाठी. चौकोनी कवचात गोल यंत्र बसवलेले असेल तर तो किंचित हिरमुसतो. यंत्रही चौकोनी निघाले तर त्याचा चेहरा उजळतो.

या कुळातल्या एका घड्याळाची जन्मकथा तर भारतातली आहे. मणिपूर-सिल्चरकडे शिकलेला पोलो ब्रिटिश अधिकाऱ्यांनी छावण्याछावण्यांत नेला होता. खेळताना घड्याळाची काच फुटते, ही त्यांची तक्रार स्विस व्यापारी सेझार द त्रे याच्या कानी भारतात आली असताना पडली, असे सांगतात. त्याने ती झाक-दाव्हिद लकूल्त्र यांच्यापर्यंत पोचवली आणि रने-आल्फ्रेद शोव्हो याने १९३१ साली पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हे ‘रिव्हर्सो’. त्याचे कवच चौकटीत सरकते, स्वतःभोवती उलटते आणि काच मनगटाकडे तोंड फिरवते. गोल आकाराला असे सरकता येणे कठीण. येथे चौकोन केवळ हौसेचा राहिला नाही, कामाचाही ठरला. पण गंमत अशी, की संरक्षणासाठी दिलेली ती कोरी धातूची पाठ लोकांना कोऱ्या कागदासारखी दिसली. तिच्यावर आद्याक्षरे, कुलचिन्हे, मिनाकारीतली चित्रे उमटू लागली. गरजेतून आलेल्या रूपाने अशा रीतीने पुन्हा अलंकाराची वाट धरली.

आणि मग चौकोन हरला. हार स्वच्छ तांत्रिक होती. गोल झाकण आटे पाडून घट्ट फिरवता येते, चौकोनी झाकण तसे फिरवता येत नाही. त्याच्या कोपऱ्यांतून पाणी आणि धूळ शिरते. रोलेक्सचे जलरोधक ‘ऑयस्टर’ १९२६ चे. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ते सोबत घेऊन इंग्लिश खाडीत उतरली आणि कित्येक तासांनंतरही ते चालू होते. हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसण्यासाठी जो लोलक लागतो, तोही गोल फिरतो. दुसऱ्या महायुद्धाने मजबुतीची मागणी वाढवली आणि चौकोनी घड्याळ मागे पडत गेले. १९६९ साली हॉयर कंपनीने ‘मोनॅको’ हे चौरस, जलरोधक आणि स्वयंचलित घड्याळ काढून जणू जुनी फिर्याद पुन्हा चालवली. १९७१ च्या ‘ल माँ’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या मनगटावर ते होते. तरी त्याला गिऱ्हाईक बेताचेच मिळाले. १९७२ साली जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने रिव्हर्सोची पडून राहिलेली २०० रिकामी कवचे विकत घेतली, त्यांत यंत्रे बसवली आणि ती पाहता पाहता संपली. हरलेल्या रूपाकडे लोक परतू लागले होते.

पुढे या घड्याळांना किमती आल्या. जॅकलिन केनेडी यांचे टँक २०१७ साली लिलावात ३,७९,५०० डॉलरना गेले. त्याच्या पाठीवर त्यांच्या मेहुण्यांनी १९६३ च्या एका पन्नास मैलांच्या पायपिटीची तारीख आणि वेळ कोरून घेतली होती. मॅक्वीनच्या एका मोनॅकोला २०२० साली २२ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. हे पैसे अर्थातच त्या माणसांच्या नावाचे होते. सामान्य संग्राहकाचे प्रेम याहून निराळे, आणि त्याची खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागते.

ज्या कोपऱ्यांतून पाणी शिरले त्यांनीच तबकड्या नासवल्या. मूळ तबकडी शाबूत असलेले चौकोनी घड्याळ त्यामुळे दुर्मीळ झाले. नासलेली तबकडी घासून पुन्हा रंगवण्याची रीत जगभर होती. मुंबईत तर ती इतकी सर्रास चालली, की जुन्या यंत्रावर नवी रंगीत तबकडी चढवलेल्या घड्याळाला परदेशी संग्राहक उपहासाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुने म्हणून नवा रंग विकणे ही फसवणूक आहे आणि तिची तरफदारी आम्ही करणार नाही. पण रंगवणारा प्रत्येक हात फसवणारा होता काय? पोथीच्या कसर लागलेल्या पानावरची गळलेली ओवी आपल्या समजुतीने भरणारा लेखनिक लबाड नसतो. पोथी वाचती राहावी एवढीच त्याची इच्छा असते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अशा अनेक हातांनी साचवलेले निवारून. मूळ पाठाचा ध्यास धरणारा संग्राहक नाथांच्या वाटेने जातो. मात्र ज्ञानेश्वरी नाथांपर्यंत आली ती त्या लेखनिकांच्याच हातून, हे त्याने विसरू नये.

आमच्यापैकी एकाच्या घरी वडिलांचे असे एक लांबट चौकोनी स्विस घड्याळ आहे. त्यांनी ते जुनेच घेतले होते. पावसाळ्यात तबकडी काळवंडली, तेव्हा मुंबईतल्या एका कारागिराकडून त्यांनी ती रंगवून आणली. एका संग्राहक स्नेह्याने भिंगातून क्षणभर पाहून ते खाली ठेवले. “तबकडी रंगवलेली आहे सर, याला बाजारात किंमत नाही,” असे तो संकोचून म्हणाला, आणि मूळ तबकडी शोधून देण्याची तयारीही त्याने दाखवली. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण वडिलांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत वेळ पाहिली ती याच तबकडीवर. ती काढली तर घड्याळ कारखान्यातून निघाले तसे होईल, पण आमच्या घरातून मात्र जाईल. बराच विचार करून तबकडी तशीच ठेवली.

हल्ली एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही ते घड्याळ बाकांवरून फिरवतो आणि हात कोठे फिरला आहे ते शोधायला सांगतो. बहुतेकांना कंपनीच्या नावातले एक वाकडे अक्षर चटकन सापडते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मात्र कोपरे पाहिले. मिनिटांची दुहेरी रेघ तीन कोपऱ्यांत काटकोनात वळते आणि चौथ्यात किंचित गोल होते, हे तिने दाखवले. इतकी वर्षे ते घड्याळ हाताळूनही ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.