मधलं नाव

सेंट पीटर्सबर्गच्या बंदरावर पासपोर्ट तपासणीची खिडकी फार उंचावर होती. माझी आई जेमतेम पाच फूट. आतल्या अधिकाऱ्याला तिचा चेहरा दिसावा म्हणून ती टाचा उचलून उभी होती. मी पिवळ्या रेषेमागे. एका वेळी एकच माणूस, असा नियम. २०१९ चा जून महिना होता आणि आम्ही दोघी कोपनहेगनहून निघालेल्या जहाजातून तिथे पोहोचलो होतो. जहाज दोन दिवस थांबणार होतं.

त्या वेळचा रशियाचा नियम क्रूझच्या प्रवाशांना तोंडपाठ असायचा. जहाजातून आलेल्या परदेशी प्रवाशाला ७२ तासांपर्यंत व्हिसा लागत नसे. मात्र तो मान्यताप्राप्त पर्यटन संस्थेच्या सहलीवर असला पाहिजे. सहलीचं तिकीट हाच परवाना. ते नसेल तर स्वतःचा व्हिसा दाखवा, नाहीतर जहाजावरच बसून राहा. जहाजाच्या सहली महाग आणि पन्नास-पन्नास जणांच्या; आईच्या गुडघ्यांना ती धावपळ झेपली नसती. म्हणून मी शहरातल्या एका छोट्या संस्थेकडून आम्हा दोघींपुरती खाजगी सहल ठरवली. त्यांनी ईमेलने तिकिटं पाठवली, मी ती छापून घेतली. जहाजावर मात्र आदल्या रात्री सूचना झाली, की जहाजाच्या सहलीवर नसलेल्यांना रशियाचा व्हिसा लागेल. हे अर्धसत्य होतं, पण आईची झोप उडवायला पुरेसं. सकाळी जहाजाच्या सहलीवाले आधी उतरले. आम्ही खाजगीवाले तासभर जिन्यात उभे होतो, हातात पासपोर्ट आणि घडी घातलेला कागद घेऊन.

खरं तर भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ही रांग सुखाची होती. त्या जहाजावर चढायला आम्हाला एकाहून जास्त वेळा आत येता येईल असा शेंगेन व्हिसा काढावा लागला होता. बँकेचे कागद, विमा, हमीपत्रं, बोटांचे ठसे. कारण रशियात पाऊल ठेवलं की आम्ही शेंगेनबाहेर जाणार आणि पुढच्या बंदरावर, ताल्लिनला, पुन्हा आत येणार. आमच्या पुढचे इंग्रज आणि अमेरिकन यातल्या कशालाच सामोरे गेले नव्हते. पण या एका खिडकीसमोर ते आणि आम्ही सारखेच होतो. त्यांच्याही हातात तोच कागद.

आईच्या बाबतीत अडलं ते नावावर. पासपोर्टवर तिच्या नावापुढे, आपल्याकडच्या रीतीने, बाबांचं नाव आहे. तिकिटावर फक्त तिचं नाव आणि आडनाव. संस्थेच्या अर्जात मधल्या नावाला रकानाच नव्हता. अधिकाऱ्याने एक बोट पासपोर्टवर ठेवलं, दुसरं तिकिटावर. मग फोन उचलला. आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या चार-पाच मिनिटांनंतर घरी परतल्यावर मी बरंच वाचलं. बंदरावर उतरणाऱ्या माणसाला आत घ्यायचं की नाही हे ठरतं कशावरून? मला उत्तर मिळालं ते असं : तुम्ही कोण, हा प्रश्न दुय्यम असतो. तुमच्यासाठी कोण जामीन राहतो, हा पहिला.

याचा सगळ्यात जुना दाखला मला आपल्याच किनाऱ्यावर सापडला, आणि तिथे पाहुणा रशियन होता. त्व्येर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. निकितीन म्हणजे निकिताचा मुलगा; बापाचं नाव हीच त्याची ओळख. त्याच्याकडे कसलंही पारपत्र नव्हतं, विकायला आणलेला एक घोडा तेवढा होता. तो जुन्नरला पोहोचला तेव्हा बहमनी राज्याचा तिथला अधिकारी असदखान याला कळलं, की हा मुसलमान नाही. खानाने घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली : धर्म बदललास तर घोडाही परत मिळेल आणि वर हजार मोहरा. निकितीनने आपल्या टिपणात ही घालमेल लिहून ठेवली आहे. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने खानाकडे शब्द टाकला. घोडा परत मिळाला, धर्म राहिला. ओळखीच्या माणसाचा शब्द, हाच त्याचा व्हिसा. पुढे तो बीदरला राहिला, दाभोळहून परत निघाला आणि घरी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या रशियन टिपणात मधूनच तुर्की-फारसी-अरबी मिसळलेल्या प्रार्थना येतात. सीमा ओलांडलेल्या माणसाची भाषाही कशी सरमिसळ होते, हे अनुवादकाला त्यात वाचता येतं.

पीटर्सबर्ग शहर १७०३ साली वसवणाऱ्या पीटरने जामिनाची ही रीत कागदावर आणली. त्याने १७२४ मध्ये पक्की केलेली पासपोर्टची पद्धत परक्यांसाठी नव्हती, स्वतःच्या रयतेसाठी होती. त्याला डोईपट्टी वसूल करायची होती आणि सैन्यातून पळालेले शिपाई पकडायचे होते. गाव सोडून कामाला जायचं असेल तर कुळाने जमीनदाराची लेखी परवानगी जवळ बाळगायची. युरोपकडे उघडलेली खिडकी म्हणून ज्या शहराचं कौतुक होतं, त्या शहराच्या राज्यात माणसाला शेजारच्या परगण्यात जायलाही चिठ्ठी लागत होती.

समुद्रातून येणाऱ्याची तपासणी आधी क्रोनश्टाट या किल्ल्याच्या बेटावर व्हायची. फ्रेंच लेखक मार्की द क्युस्तीन १८३९ च्या उन्हाळ्यात आगबोटीने तिथे पोहोचला. पोलिस आणि जकातवाले बोटीवर चढले, प्रवाशांना एकेक करून बोलावलं, रशियात कशासाठी आलात, किती दिवस राहणार, अशी विचारपूस झाली. शहराच्या धक्क्यावर पुन्हा तेच. पॅरिसला परतून त्याने १८४३ मध्ये जे पुस्तक छापलं, त्यावर रशियात बंदी आली. मला त्या काळातला दुसरा नियम जास्त बोलका वाटतो, बाहेर पडण्याचा. रशिया सोडून जाणाऱ्याचं नाव आधी पीटर्सबर्गच्या वर्तमानपत्रात तीनदा छापून यावं लागे. कोणाचं देणं बाकी असेल तर त्याने पुढे यावं. सगळ्या गावाने तुमचा हिशेब चुकता आहे असं गप्प राहून सांगितलं, की मग निघायची परवानगी.

काहींना ती कधीच मिळाली नाही. पुश्किनने परदेशी जाण्यासाठी अर्ज केले, विनवण्या केल्या. झार नाही म्हणाला. १८२९ मध्ये तो परवानगीशिवाय कॉकेशसच्या युद्धआघाडीकडे निघाला. त्या प्रवासवर्णनात एक प्रसंग आहे. सीमेची नदी समोर आली तेव्हा त्याने आनंदाने घोडा पाण्यात घातला, आयुष्यात पहिल्यांदा रशियाबाहेर पाऊल पडणार म्हणून. पलीकडे पोहोचल्यावर कळलं, की तो काठही रशियन फौजेने आधीच जिंकलेला आहे. रशियाचा हा सगळ्यात मोठा कवी रशियाबाहेर कधी गेलाच नाही.

पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट जगभर सक्तीचा केला. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पुस्तिकेचा नमुना ठरवला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी आपल्याकडे पासपोर्टचा कायदा आणला. सोव्हिएत सत्तेने १९३२ च्या डिसेंबरात अंतर्गत पासपोर्ट सुरू केला, म्हणजे पीटरचीच चिठ्ठी नव्या शिक्क्याने. सामुदायिक शेतीवरच्या बहुतेक शेतकऱ्यांना तो १९७४ च्या सुधारणेपर्यंत मिळालाच नाही. तो नाही म्हणजे शहरात राहायचा हक्क नाही. आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. १९६७ साली सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा कुठे घाईघाईने आजचा पासपोर्ट कायदा झाला.

आमचं जहाज लागलं होतं ते प्रवासी बंदर २००८ मध्ये सुरू झालं. समुद्रात भर टाकून वासिलियेव्स्की बेटाला जी नवी जमीन जोडली, तिच्यावर ते उभं आहे. या बेटाचं नाव मला आधीपासून माहीत होतं ते जोसेफ ब्रॉडस्कीमुळे. या शहरात १९४० मध्ये जन्मलेल्या या कवीने विशीत लिहिलेल्या एका कवितेत मरायला याच बेटावर परत येण्याची गोष्ट केली आहे. १९७२ च्या जूनमध्ये त्याला देशाबाहेर काढलं. तो परत आला नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला वारला आणि व्हेनिसमध्ये पुरला गेला. त्याचे आईवडील मुलाला एकदा भेटता यावं म्हणून बारा वर्षं अर्ज करत राहिले. दर वेळी नकार. आई १९८३ मध्ये गेली, वडील पुढच्या वर्षी. ते तिघं ज्या दीड खोलीत राहत होते तिच्याविषयी ब्रॉडस्कीने नंतर लेख लिहिला तो इंग्रजीत. रशियन भाषेत त्यांना पुन्हा कोंडायचं नाही, परक्या भाषेत का होईना त्यांना बाहेर काढायचं, असं त्याचं म्हणणं. ज्यांना पासपोर्टने सोडलं नाही त्यांना मुलाने व्याकरणातून पार नेलं. अनुवाद कशासाठी करायचा, असं मला कोणी विचारलं तर मी हा लेख वाचायला सांगते.

या शहराची ओढ खरं तर बाबांची. बडोद्याच्या आमच्या घरात, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं एका अख्ख्या फळीवर होती. स्वस्त, जाड कागदाची, प्रदर्शनातून आणलेली. नेव्हा नदीवरचे पूल रात्री उघडतात हे मला शाळेत असताना बाबांनी सांगितलं. त्यांनी पासपोर्ट काढला तो निवृत्तीनंतर, आणि त्याची सगळी पानं कोरी राहिली. क्रूझला बाबांबरोबर जायचं असं ठरवून आईने पैसे साठवले होते. ते गेल्यावर ती म्हणाली, तू चल.

अधिकाऱ्याने फोन ठेवला. आईला काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. मग त्याने पासपोर्ट उचलून काचेला लावला, मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाला : "ओतचेस्त्वो?"

हा शब्द मला येत होता. रशियन माणसाचं मधलं नाव, बापाच्या नावावरून आलेलं. कादंबऱ्यांच्या पहिल्या पानांवर वाचकाला घाबरवतं ते. आईच्या मधल्या नावात तिचे वडील नव्हते, नवरा होता. ते समजावून सांगण्याइतकं रशियन माझ्याकडे नव्हतं आणि रांग मागे वाढत होती. मी पिवळ्या रेषेवरूनच म्हणाले, "दा. ओतचेस्त्वो."

शिक्का पडला. छोटं दार करकरत उघडलं. पंचवीस वर्षांच्या कामात मी केलेला हा सगळ्यात ढोबळ चुकीचा अनुवाद, आणि त्याने माझ्या आईला एका देशात नेलं.

बाहेर मार्गदर्शक मुलगी आमच्या नावाची पाटी धरून उभी होती. गाडीत मी तिला घडलेलं सांगितलं. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, पण वडिलांचं नाव तसंच राहतं, शेवटपर्यंत. मी आईला मराठीत सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे इथे जन्मले असते तर माझे अण्णा कागदावर राहिले असते." थोड्या वेळाने, "आणि हे आले नसते." तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. अण्णांचं नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे, तेवढंच.

त्या रात्री आम्ही पूल पाहिले नाहीत. ते मध्यरात्रीनंतर उघडतात, आणि आई नऊला झोपली. जूनमधल्या त्या न मावळणाऱ्या उजेडात मी डेकवर एकटी बसून होते. दुसऱ्या दिवशी खिडकीत वेगळी अधिकारी होती. तिने आदल्या दिवसाचा शिक्का पाहिला, तिकिटाकडे पाहिलंही नाही आणि अर्ध्या मिनिटात सोडलं. एकदा कोणी तुम्हाला आत घेतलं, की पुढचे सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात.

२०२२ च्या युद्धानंतर परदेशी क्रूझ कंपन्यांनी पीटर्सबर्ग आपल्या मार्गातून काढून टाकलं. त्या खिडक्यांसमोर आता तशा रांगा नाहीत. आईच्या पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नवीन अर्ज मी भरला. नावाच्या रकान्याशी थांबून मी तिला विचारलं, काय लिहायचं? कायद्याने तिला निवड आहे, हेही सांगितलं. तिने चष्मा पुसला.

"आहे तेच राहू दे," ती म्हणाली. "त्यांचा एक शिक्का झालाय. आता मध्येच उतरवायचं कशाला?"