पोहोच आणि पाळी

वायफायची तक्रार आली की कार्यालयात पहिला उपाय ठरलेला असतो: आणखी एक ॲक्सेस पॉइंट बसवा. लहरी पोहोचल्या की काम भागले, असे त्यामागचे गृहीत. या तंत्राचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९८५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २.४ गिगाहर्ट्‌झसह काही वारंवारता-पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. परवाना गेला, तसा कुणाचा हक्कही उरला नाही. म्हणून वायफायने शिस्त घालून घेतली: एका चॅनेलवर एक यंत्र बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचे. म्हणजे पॉइंटची जागा ठरवताना लहर कुठवर जाते याच्याइतकेच कुणाला कुणासाठी थांबावे लागते, हेही पाहणे आले.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९३ पासून ॲलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने ‘वायरलेस अँड्र्यू’ हे विद्यापीठभराचे वायरलेस जाळे उभे राहिले. त्या अनुभवावर हिल्स यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत आजही पायाभूत आहे: आराखड्यावर जागा अंदाजाने निवडायच्या, प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचे, जागा हलवायच्या आणि मगच चॅनेल वाटायचे. वाटायला २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारात वरचा आणि खालचा मजलाही धरायचा. त्याच वर्षी डार्टमथ महाविद्यालयाच्या १६१ इमारतींतील ४७६ पॉइंटांचा अभ्यास झाला. त्यात सर्वाधिक वाहतूक वसतिगृहांत आढळली. शिवाय अनेक वायरलेस कार्डे उगाचच एका पॉइंटवरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. गरज चौरस फुटांमागे नव्हे, माणसांमागे जाते आणि दाट पेरणीलाही किंमत मोजावी लागते, हे तेव्हाच दिसले.

यावर आक्षेप असा, की आता सगळे पॉइंट सांभाळणारे कंट्रोलर आपणच त्यांचे चॅनेल आणि प्रक्षेपणाची शक्ती ठरवतात. मग एवढी आखणी कशाला? पण सॉफ्टवेअरला शक्ती बदलता येते, छताला ठोकलेली पेटी हलवता येत नाही. मोकळ्या कॉरिडॉरमध्ये ओळीने लावलेले पॉइंट एकमेकांना स्वच्छ ऐकतात, म्हणून कंट्रोलर त्यांची शक्ती उतरवतो. भिंतीपलीकडच्या खोलीतला सिग्नल त्याने आणखीच क्षीण होतो. शक्ती चढवली तरी खोलीतल्या मोबाइलचे उत्तर मात्र त्याच्या स्वतःच्या तुटपुंज्या शक्तीनेच परत यायचे असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल भरपूर आहेत. खरे आहे, आणि त्यामुळे कोंडी बरीच सुटलीही. परंतु वेगाच्या हव्यासाने २० मेगाहर्ट्‌झचे चार चॅनेल जोडून ८०चा एक केला, की ती श्रीमंती चौथाईवर येते. तेव्हा पेट्यांची संख्या हा आखणीचा निष्कर्ष असावा, सुरुवात नव्हे. सर्वेक्षणाचा खर्च वाचवून घेतलेली जादा पेटी बहुधा शेजारच्या पेटीचीच वेळ खाते.